बारीक कामासाठी एअरब्रश: ०.२ घेऊ की ०.३? नागपुरात हातात घेऊन बघायला मिळेल का?

रूळमित्र (धागाकर्ता) · रविवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. चार वर्षांपासून फावल्या वेळात रेल्वेच्या प्रतिकृती बनवतो. सध्या टेबलावर एक नॅरोगेजचं वाफेचं इंजिन आहे, आपल्या मोतीबागच्या संग्रहालयात उभी आहेत त्या जातीचं. प्रमाण १:३५. खऱ्या रुळांमधलं अंतर ७६२ मिमी, माझ्याकडे जेमतेम २२ मिमी. आता रिव्हेट केवढे असतील ते तुम्हीच ताडा.

आजवर दीड हजाराच्या, डब्यावर कुणाचंच नाव नसलेल्या एअरब्रशवर (कॉम्प्रेसरच्या हवेने रंग फवारणारा, पेनासारखा धरायचा ब्रश) भागवलं. अस्तर मारायला, बॉयलर सरसकट काळा करायला काही तक्रार नाही. पण चिमणीभोवतीची काजळी, रिव्हेटखाली ओघळलेला गंज, पट्ट्यांच्या कडेची सावली असलं काही करायला गेलो की आधी काहीच येत नाही आणि मग भसकन थेंब पडतो. गेल्या रविवारी केबिनच्या दरवाज्यावर असाच पडला. तीन संध्याकाळचं काम थिनरने पुसून काढलं.

बजेट २० हजार, फक्त ब्रशसाठी. कॉम्प्रेसर आहे, तीन लिटर टाकीचा छोटा. डबल अ‍ॅक्शन (ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग) आणि रंगाचा कप वरून, एवढं नक्की केलंय. अडलंय ते नोझलवर, म्हणजे रंग बाहेर पडतो त्या तोंडाच्या मापावर, ०.२ मिमी की ०.३. ०.२ घेतला तर खरंच बारीक रेघ येते का? जपानी घ्यावा की जर्मन? सीताबर्डीत दोन दुकानं पालथी घातली, दोन्हीकडे माझ्याकडे आहे तसलाच माल. कुणाकडे चांगला ब्रश असेल तर पाच मिनिटं हातात धरायला मिळेल का?

पुणेरी_सुई · रविवार, रात्री ११:०२

चांगली वस्तू एकदाच घ्यावी या मताचा मी आहे. जपानी इवाटा कंपनीचा कस्टम मायक्रॉन सीएम-बी, नोझल ०.१८. बजेट वाढवावं लागेल, पण त्यानंतर दुसरा ब्रश बघणार नाही. ते जमत नसेल तर जर्मन हार्डर अँड स्टीनबेकचा इव्होल्यूशन, त्यात ०.२ आणि ०.४ चे नोझल-सुईचे संच अदलून बदलून वापरता येतात. ०.३ हा ना धड इकडचा ना धड तिकडचा.

जुना_पेंटर · सोमवार, सकाळी ७:२०

भाऊ, तुमी सगळे प्रश्न ब्रशचे विचारले, रंगाचा एकही नाही. रंग कोणता? पातळ किती करता? दाब किती ठेवता? ते सांगा पहिले, मग २० हजाराला हात लावा.

"काहीच येत नाही आणि मग भसकन थेंब" हे वाचूनच समजलं मले. तुमच्या सुईच्या टोकावर रंग वाळून राहिला. टोक वाळलं की वाट बंद. तुमी ट्रिगर अजून मागं ओढता. मागून रंगाचा रेटा येते, वाळलेला कण उडते न् समोर सडा. ब्रश दीड हजाराचा असो की पन्नास हजाराचा, हे असंच होईन.

न् ०.२, ०.३ म्हणजे रेघेची जाडी नव्हे राजेहो. ते नोझलच्या भोकाचं माप हाय. त्या भोकात सुई बसून राह्यते. ट्रिगर मागं घेतला की सुई जराशी मागं सरते न् सुईच्या भोवती केसाएवढी फट उघडते. बारीक रेघ त्या फटीतून येते. फट किती उघडायची ते तुमच्या बोटावर, न् कशी उघडते ते सुईच्या निमुळतेपणावर. लांब निमुळती सुई असली तर ट्रिगर थोडा जास्त सरकला तरी फट हळूहळू उघडते. मी ०.३५ वाल्या इवाटा एक्लिप्सनं हेल्मेटवर वाघाच्या मिशा काढतो. ताडोब्याचे वाघ हायेत, मिशा मोजून घेते गिऱ्हाईक.

रूळमित्र · सोमवार, सकाळी ९:४५

दादा, बरोबर नाडी पकडलीत. रंग पाण्यातला अ‍ॅक्रेलिक. पातळ अंदाजानेच करतो. हवेचा दाब ३० पीएसआय (दाबाचं माप), कारण बॉयलरला तेवढा ठेवला होता तोच राहून गेला. आणि काम दुपारी, खिडकीतला कूलर बंद ठेवून, वाऱ्याने तुषार उडू नयेत म्हणून. खोलीत बहुतेक चाळीसच्या आसपास असेल.

जुना_पेंटर · सोमवार, सकाळी १०:१०

नागपूरच्या मे महिन्यात, दुपारी, कोरड्या खोलीत, ३० च्या दाबानं पाण्याचा रंग. रंग कागदापर्यंत पोचते हेच नवल म्हणा. २०१३ च्या मे मध्ये पारा ४७.९ वर गेल्ता तवा आमच्या ब्रशातून रंग नाही, भुकटी येत होती.

बारीक कामाले १५ ते २० पीएसआय पुरे. रंग साय काढलेल्या दुधावानी पातळ. कपाच्या भिंतीवर ओघळ सोडून पाहा, मागं पारदर्शक पदर राह्यला पाह्यजे. रंग वाळायला वेळ लावणारं रिटार्डर येते, त्याचे एक-दोन थेंब टाका. न् दर दोन-तीन मिनिटांनी थिनरात भिजवलेल्या मऊ ब्रशनं सुईचं टोक पुसा. काम सकाळी सहाले करा नाहीतर रात्री.

तान्हापोळा_ताई · सोमवार, दुपारी ३:३०

दादांना +१. थोडं माझंही.

मी लाकडी नंदी रंगवते. आषाढ लागला की घरात पाय ठेवायला जागा नसते, तान्ह्या पोळ्याच्या आदल्या आठवड्यात तर जेवणाचं ताटही नंदीच्या पाठीवर ठेवायची वेळ येते. नंदीच्या अंगाची छटा, वशिंडाखालची सावली, नाकपुड्यांचा गुलाबीपणा आणि डोळ्याच्या खोबणीतला काळसर झोत, हे सगळं एअरब्रशने. बुबुळ मात्र हाताच्या ब्रशनेच, ट्रिपल झीरोने. एअरब्रशची कड नेहमी थोडी धुरकट असते आणि बुबुळाला धुरकट कड म्हणजे नंदीला मोतीबिंदू. रूळमित्र, तुमच्या इंजिनावर नंबर किंवा कडक कडांच्या पट्ट्या असतील तर त्यांच्यासाठी एअरब्रश घेऊ नका. त्याला मास्किंग टेप लागेल नाहीतर डिकल, म्हणजे चिकटवायची छापील अक्षरं. गंज, काजळी, सावली हे एअरब्रशचं खरं काम.

माझ्याकडे जीएसआय क्रेओस या जपानी कंपनीचे दोन आहेत. पीएस-२८९, ०.३ चा, आणि पीएस-२७०, ०.२ चा. आधी ०.२ घेतला होता, तुमच्यासारखाच आकड्याला भुलून. शाई आणि लॅकरला (थिनरमध्ये पातळ करायचा रंग) तो सोन्यासारखा आहे. अ‍ॅक्रेलिकला रोजची कटकट. सोनेरी, चंदेरी रंगातले कण तर त्याच्या घशातच बसतात. २८९ आला तेव्हापासून २७० महिन्यातून एकदा बाहेर निघतो. २८९ च्या तोंडाखाली हवेचा छोटा स्क्रू आहे, कॉम्प्रेसरवरच्या रेग्युलेटरपर्यंत न उठता दाब कमी-जास्त करता येतो. मागे सुईला अडवणारा स्क्रूही आहे. हात थरथरायला लागला की तो फिरवून ठेवते, मग ट्रिगर कितीही ओढला तरी फट ठरावीकच उघडते.

आता खरी गोष्ट. आधी सुट्या नोझलचा भाव विचारा, मग ब्रशचा. या ब्रशांची नोझल तांदळाच्या कणीएवढी असते आणि छोट्या पान्याने फिरवून बसवायची. मी पहिल्याच महिन्यात जरा जोर लावला आणि तिचे आटे आतच तुटून राहिले. इतवारीतल्या घड्याळजीने अर्धा तास भिंग डोळ्याला लावून ते काढून दिलं. नवी नोझल यायला पाच आठवडे लागले आणि त्या पाच आठवड्यांत श्रावण संपला.

रविवारी सकाळी सक्करदऱ्याला या, दोन्ही ब्रश हाताळून बघा. पत्ता व्यक्तिगत निरोपात देते. येताना तुमचा जुना ब्रशही आणा.

पुणेरी_सुई · सोमवार, दुपारी ४:१५

ताई, जोर लावल्यावर कुठलीही गोष्ट तुटणारच. तो ब्रशचा दोष नाही.

तान्हापोळा_ताई · सोमवार, दुपारी ४:२०

मी कुठे ब्रशचा दोष म्हटला? पाच आठवड्यांचा म्हटला.

सीएम-बीबद्दल एक विचारते. त्याची नोझल आणि हेड एकमेकांशी जुळवून संच म्हणूनच मिळतात ना? मग नोझल गेली तर तो संचच घ्यायचा. ज्याचा हात अजून बसतोय त्याला हे सुचवू नये असं माझं मत. एक्लिप्सची नोझल निदान नुसती आत ठेवायची असते, आट्यांची भानगड नाही. शिकणाऱ्याला तेवढंच बरं.

पुणेरी_सुई · सोमवार, दुपारी ४:४०

हो, संच घ्यावा लागतो. मान्य. पण एकदा सीएम-बी हातात घेऊन बघा.

कॉम्प्रेसर_भाऊ · मंगळवार, रात्री ९:५०

कूलिंगच्या धंद्यात आहे, ब्रशचं कळत नाही. हवेचं सांगतो.

तीन लिटर टाकी असलेला ठेवलात ते चांगलं. टाकी नसली तर पिस्टनच्या प्रत्येक ठोक्याला हवा हबकते आणि बारीक रेघेत ते दिसतं. हे छोटे कॉम्प्रेसर साधारण ३ बारला (बार हेही दाबाचंच माप) सुरू आणि ४ ला बंद होतात, म्हणून रेग्युलेटरनंतरचा काटा बघायचा. आधीचा नाही.

आता मे आहे, हवा कोरडी, पाणी दिसणार नाही. जुलैत बघा. दाबलेली हवा गरम असते, पाइपात येऊन थंड होते आणि ओल पाइपातच सुटते. हवेतलं पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप कॉम्प्रेसरला चिकटलेला असेल तर त्याच्या पुढच्या पाइपात पाणी जमतं आणि नेमकं काम करताना चूळ भरल्यासारखं बाहेर येतं. ब्रशच्या मुठीखाली लागणारा छोटा ट्रॅपही लावा. टाकीखालचा नळ दर वेळी उघडून पाणी काढून टाका.

कुणी फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर आणि गॅसची टाकी जोडून "आवाज न करणारा" बनवून देतो म्हणेल. त्यातून हवेबरोबर तेल येतं, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नसेल तर तो बॉम्ब आहे. माझ्याकडे असे दोन दुरुस्तीला आले होते. दोन्ही परत पाठवले.

नवशिकी · मंगळवार, रात्री १०:३०

वाचतेय. प्रश्न बावळट असेल, पण कूलर चालू ठेवला तर हवा ओलसर राहून टोक वाळणार नाही ना?

कॉम्प्रेसर_भाऊ · मंगळवार, रात्री १०:४१

बावळट नाही. अ‍ॅक्रेलिकला खरंच बरं पडतं. फक्त झोत अंगावर येऊ देऊ नका. पण लॅकर मारत असाल तर कूलर बंद. ओलसर हवेत लॅकर पांढुरकं पडतं, पावसाळ्यातही तेच. आणि लॅकरच्या वाफा बाहेर काढायला साधा एक्झॉस्ट पंखा लावू नका, मोटरची ठिणगी आणि थिनरची वाफ यांचं जमत नाही.

जुना_पेंटर · बुधवार, सकाळी ७:०५

न् तोंडाले एन-९५ बांधून लॅकर मारू नका कोणी. ते धूळ अडवते, वाफ नाही. कोळशाच्या कार्ट्रिजवाला मास्क पाह्यजे. तीस वर्षं रुमाल बांधून बोर्ड रंगवले, आता जिना चढताना समजते. अवांतर झालं. रविवारी मीही येतो ताई, महालातून किती दूर हाय सक्करदरा. आमची एक्लिप्स घेऊन येतो.

रूळमित्र · रविवार, रात्री ९:००

आज गेलो होतो. सविस्तर लिहितो, पुढे कुणाच्या कामी येईल.

सकाळी सातला पोचलो. ताईंच्या गच्चीवरच्या खोलीत टेबलावर चार ब्रश: माझा बिननावाचा, २८९, २७० आणि दादांची एक्लिप्स. एक्लिप्सचा क्रोम मुठीपाशी उडून खाली पितळ दिसतंय. ताईंनी सगळ्यांना एकच काळी अ‍ॅक्रेलिक शाई आणि १५ पीएसआय दिलं. कागद आलेखाचा, मिलिमीटरच्या चौकोनांचा. रेघ किती जाड आली ते मोजायची गरजच नाही, चौकोनच सांगतात.

दादांनी फवारायच्या आधी माझ्या ब्रशची सुई मागून ओढून काढली. काचेवर ठेवून बोटाने लाटली. सुई सरळ असेल तर टोक काचेला टेकून स्थिर फिरतं. माझं टोक उड्या मारत होतं. मग ताईंनी सोनाराचं भिंग दिलं. टोकाला चक्क आकडा होता, मासे धरायच्या गळासारखा. कधी झाला माहीत नाही. बहुतेक साफ करताना पुढच्या टोपीवर आपटला असेल. दादा म्हणाले, "तुमचा थेंब डावीकडं पडते ना नेहमी?" पडतो. दोन वर्षं मी हात डावीकडे झुकतोय असं समजत होतो.

त्यांनी २००० नंबरच्या पॉलिश पेपरवर सुई आडवी धरली आणि टोकाकडे ओढत, गोल फिरवत पाचेक मिनिटं घासली. टोकावर पेपर लावला नाही, निमुळत्या भागावरूनच टोकाकडे नेला. परत बसवून बघितलं तर माझ्याच ब्रशने दीड चौकोनाची रेघ आली. आजवरची माझी सगळ्यात बारीक. एक मिनिट वाटलं, कशाला घ्यायचा नवा?

मग २८९ हातात घेतला. ट्रिगर दाबला की नुसती हवा, तो दाबलेलाच ठेवून मागे घेतला की रंग, हे मला माहीत होतं. पण रंग नेमका कुठे सुरू होतो ते बोटाला कळतं, हे माहीत नव्हतं. माझ्या ब्रशात ट्रिगर खरखरत मागे जातो आणि मधेच अडकतो. इथे लोण्यातून सुरी गेल्यासारखं. कागदापासून एक सेंटिमीटरवर अर्ध्या चौकोनाची रेघ आली. पहिली दहा मिनिटं थरथरती, मग बरी. २७० ने त्याहून किंचित बारीक आली, पण भिंगातून बघावी तेव्हाच फरक कळतो. नंतर त्यात माझा तपकिरी अ‍ॅक्रेलिक घातला आणि सात-आठ मिनिटांत टोक चोंदलं. २८९ मध्ये तोच रंग, तेवढाच पातळ, दोनदा टोक पुसून अर्धा तास चालला.

आणि दादा. एक्लिप्सच्या पुढची टोपी काढली, कागद जवळपास शिवेल एवढ्या अंतरावर गेले आणि ०.३५ च्या नोझलने माझ्या २७० च्या रेघेच्या शेजारी तेवढीच बारीक रेघ काढून ठेवली. निमुळती होत होत नाहीशी होणारी. मग तशीच दुसरी. त्यातून मिशी झाली. टोपी काढली की सुई उघडी पडते, टेकली की संपली, म्हणून मला अजून महिनाभर टोपी काढायला मनाई आहे.

ठरलं, २८९. सोबत एक जास्तीची सुई आणि एक जास्तीची नोझल, त्याच दिवशी, त्याच ऑर्डरमध्ये. मुंबईच्या एका हॉबीच्या दुकानात तिन्ही आहेत, फोन करून विचारलं. सगळं मिळून बजेटच्या आत. पाइपच्या जोडणीच्या आट्यांचं माप एक-अष्टमांश बीएसपी, माझ्या कॉम्प्रेसरला आहे तीच, त्यामुळे अ‍ॅडॉप्टर लागणार नाही.

ताईंच्या आईंनी तर्री पोहे दिले. दादांनी तर्री दोनदा मागून घेतली.

पुणेरी_सुई · रविवार, रात्री ९:४०

०.३५ ने मिशी काढली याचा फोटो टाका. नाहीतर विश्वास ठेवणार नाही.

जुना_पेंटर · रविवार, रात्री ९:५५

पुण्याहून नागपूरले रेल्वे येते. हेल्मेट घेऊन या, तुमच्यासमोर काढतो. पोहे ताईकडे.

रूळमित्र · १२ दिवसांनी, शुक्रवार, रात्री ११:२०

धागा वर आणतोय. ब्रश आला, दोन दिवस झक्कास चालला. आज पहिल्यांदा पूर्ण खोलून साफ केला, परत जोडला आणि आता कपातल्या रंगात बुडबुडे येतायत. उकळल्यासारखे. पुढून रंग धक्के खात येतोय. सुई बघितली, सरळ आहे. नोझल फुटली का? पान्याने जोर लावायची हिंमत होत नाहीये, ताईंचे पाच आठवडे डोळ्यांसमोर आहेत.

तान्हापोळा_ताई · शुक्रवार, रात्री ११:३१

घाबरू नका. नोझल नीट बसलेली नाही. हवा पुढे जाण्याऐवजी आट्यांमधून मागे, कपात शिरतेय, म्हणून बुडबुडे. आधी रंग काढून टाका. सुई मागे घ्या आणि मगच नोझलला हात लावा. सुई पुढे असताना नोझल फिरवली तर नोझल आतून फाटते. नोझल काढा, भिंगातून बघा, कडेला चीर नसेल तर ठीक आहे. परत बसवताना पाना फक्त दोन बोटांत धरा. अडली की थांबा.

जुना_पेंटर · शनिवार, सकाळी ६:१०

आट्यांवर मधमाशीच्या मेणाचा पुसटसा हात फिरवा. शिवायच्या सुईच्या टोकावर घ्या न् तेवढंच लावा. भोकात जाऊ देऊ नका. टेफ्लॉन टेप लावू नका तिथं, आटे खराब होतीन. टेप पाइपाच्या जोडणीले.

रूळमित्र · शनिवार, सकाळी ९:०५

मेण आईच्या शिवणाच्या डब्यात मिळालं, दोऱ्याला लावायचं. बुडबुडे बंद. नोझल शाबूत.

जुना_पेंटर · शनिवार, सकाळी ९:१२

न् तो केबिनचा दरवाजा?

रूळमित्र · शनिवार, सकाळी ९:२०

अजून अस्तरातच आहे. आता ऊन चढलं. उद्या सहाला बसतो.